‘गेट’चा अर्थ ओळखायचा कसा? पायरीपायरीने समजून घेऊ

इंग्रजी शिकताना लांबलचक शब्द फारसे त्रास देत नाहीत. त्यांचा अर्थ बहुधा एकच असतो आणि तो एकदा पाहिला की काम भागतं. अडवतात ते रोजच्या वापरातले छोटे शब्द, आणि त्यांत ‘गेट’चा नंबर बराच वर लागतो. शब्दकोश उघडावा तर मिळणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे, करवून घेणे अशी माळच समोर येते. ती पाठ केली तरी बोलायच्या वेळी यांतला नेमका कुठला अर्थ घ्यायचा, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर वाक्यातच असतं. ‘गेट’च्या लगेच पुढे काय आलंय ते बघायचं. नाम आलं, विशेषण आलं, ठिकाण आलं, की क्रियापद आलं, यावर अर्थ ठरतो. आपण त्याच क्रमाने जाऊ. इंग्रजी उदाहरणं देवनागरीत दिली आहेत, ती शक्यतो मोठ्याने वाचा. ‘गेट’ हा बोलीतला शब्द आहे, कानाला सवय झाल्याशिवाय तो तोंडात बसत नाही.

आधी उच्चाराचं सांगून टाकतो. देवनागरीत हा शब्द आणि ‘फाटक’ या अर्थाचा शब्द अगदी सारखे दिसतात, पण बोलताना त्यांत स्पष्ट फरक आहे. फाटकाचा ‘गेट’ लांब, जवळपास ‘गेइट’ असा. आपल्या क्रियापदाचा ‘ए’ मात्र अगदी आखूड, म्हणता म्हणता संपणारा. मराठीत ‘ए’ लांबवायची सवय असल्यामुळे ‘आय गेट इट’ म्हणताना फाटकाचा उच्चार होतो. ‘बेड’, ‘पेन’, ‘टेन’ यांतला ‘ए’ही असाच आखूड आहे, त्यांच्यासोबत सराव करा.

पायरी १ : काय बदललं ते शोधा

‘गेट’च्या बहुतेक अर्थांच्या तळाशी एकच गोष्ट आहे : आधी नव्हतं, आता आहे. ही पकड आली की निम्मं काम झालं, म्हणून इथे थोडं थांबू.

‘आय हॅव द की’ म्हणजे किल्ली माझ्याकडे आहे. ‘आय गॉट द की’ म्हणजे किल्ली माझ्याकडे आली. ‘शी इज अँग्री’ म्हणजे ती रागावलेली आहे, तर ‘शी गॉट अँग्री’ म्हणजे ती रागावली. ‘वी आर होम’, आम्ही घरी आहोत. ‘वी गॉट होम’, आम्ही घरी पोहोचलो. प्रत्येक जोडीत पहिलं वाक्य स्थिती सांगतं आणि दुसरं त्या स्थितीत येण्याचा क्षण.

याची एक सोपी कसोटी आहे. क्षणाला ‘दहा वर्षं’ जोडता येत नाहीत. म्हणून ‘दे गॉट मॅरीड इन २०१५’ बरोबर, कारण लग्न त्या वर्षी लागलं. पण ‘दे गॉट मॅरीड फॉर टेन इयर्स’ चुकतं. लग्नाला दहा वर्षं झाली हे सांगायचं तर स्थितीचं क्रियापद हवं : ‘दे हॅव बीन मॅरीड फॉर टेन इयर्स’. जाता जाता, लग्न कोणाशी झालं हे सांगताना मराठीतल्या ‘शी’ची आठवण होऊन ‘मॅरीड विथ’ तोंडात येतं. तिथे ‘मॅरीड टु’ लागतं.

पायरी २ : पुढे नाम असेल तर

‘आय गॉट अ लेटर’, मला पत्र आलं. ‘शी गॉट द जॉब’, तिला नोकरी लागली. ‘ही गॉट अ कोल्ड’, त्याला सर्दी झाली. मराठीत तीन वेगळी क्रियापदं आली, इंग्रजीत एकच. तरी ही तिन्ही मराठी वाक्यं एका बाबतीत सारखी आहेत : माणूस ‘मला, तिला, त्याला’ या रूपात आहे आणि कर्ता आहे पत्र, नोकरी किंवा सर्दी. इंग्रजी हे उलटं मांडतं, माणसालाच कर्ता करतं. तेव्हा ‘मला अमुक मिळालं, आलं, लागलं, झालं’ अशा वाक्याचं इंग्रजी करताना ‘मला’चं ‘आय’ करा आणि ‘गॉट’ वापरून बघा. बहुतेक वेळा वाक्य जमून जातं.

कर्त्याने स्वतः हालचाल केली असेल तर अर्थ ‘आणणे’कडे झुकतो. ‘गेट मी अ चेअर’ म्हणजे मला एक खुर्ची आणून दे. दोन नामं लागोपाठ आली, पहिलं माणसाचं आणि दुसरं वस्तूचं, की ‘आणून देणे’ हाच अर्थ घ्यायचा. ‘कॅन यू गेट द फोन?’ यात मात्र फोन आणायचा नाही, वाजतोय तो उचलायचा आहे. तसंच ‘समवन गेट द डोअर’ म्हणजे कोणीतरी दाराकडे बघा. हात भरलेले असताना किंवा जागेवरून उठता येत नसताना माणसं हे सर्रास म्हणतात.

इथे इंग्रजी मुद्दाम मोघम राहतं. ‘आय गॉट अ बुक’ यात पुस्तक विकत घेतलं, भेट मिळालं की कपाटातून आणलं, हे कळत नाही. गप्पांमध्ये त्याने काही बिघडत नाही. नेमकं सांगायचं असेल तेव्हा ‘बॉट’, ‘रिसीव्ह्ड’ किंवा ‘ब्रॉट’ वापरा.

‘समजणे’ हा अर्थही याच घरातला : ‘आय डोन्ट गेट इट’, मला नाही कळलं. ‘मला समजत नाहीये’ या चालू काळावरून आपल्याकडे ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ म्हणतात. भारतीय इंग्रजीत ते खपून जातं, बाहेरच्या माणसाला खटकतं. समजण्याच्या अर्थी ‘गेट’ सहसा साध्या वर्तमानकाळातच चालतो. ‘आय डोन्ट गेट व्हॉट यू मीन’ म्हणा, किंवा ‘आय ॲम नॉट फॉलोइंग यू’.

पायरी ३ : पुढे विशेषण असेल तर

हा अर्थ मराठीला सगळ्यात जवळचा आहे, कारण इथे ‘होणे’ सरळ बसतं. ‘द वॉटर गॉट कोल्ड’, पाणी गार झालं. चालू काळात तर आपलं ‘होत चाललंय’ हुबेहूब उतरतं : ‘द डेज आर गेटिंग शॉर्टर’, दिवस लहान होत चाललेत. ‘इट्स गेटिंग डार्क’, अंधार पडायला लागलाय. ‘गेटिंग’च्या पुढे तुलनेचं विशेषण घातलं की हळूहळू होणारा बदल फार सहज सांगता येतो.

तरीही दोन वाक्यांत मराठी माणूस हमखास फसतो.

पहिलं ‘मला उशीर होतोय’. याचं ‘आय ॲम गेटिंग लेट’ केलं जातं. ‘मला’चं ‘आय’ करायची युक्ती इथे लागू पडत नाही, कारण इंग्रजीत ‘गेटिंग लेट’ होते ती वेळ. ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणजे बराच उशीर झालाय, रात्र व्हायला आली. माणसाला उशीर होत असेल तर ‘आय ॲम रनिंग लेट’ किंवा ‘आय ॲम गोइंग टु बी लेट’.

दुसरं ‘मला कंटाळा येतोय’. ‘आय ॲम गेटिंग बोअर’ हे चूक, ‘आय ॲम गेटिंग बोअर्ड’ हे बरोबर. शेवटचा ‘ड’ गाळला तर ‘बोअर’ म्हणजे कंटाळा आणणारा माणूस होतो.

‘होणे’ आलं की डोळे मिटून ‘गेट’ लावता येत नाही, हेही लक्षात ठेवा. ‘ती डॉक्टर झाली’ याचं इंग्रजी ‘शी बिकेम अ डॉक्टर’. ‘शी गॉट अ डॉक्टर’ म्हटलं तर डॉक्टर हे नाम आहे, म्हणून पायरी २ लागू होते आणि अर्थ निघतो की तिने डॉक्टरला बोलावून आणलं. रंग बदलताना ‘टर्न’ किंवा ‘गो’ येतं : ‘द लीव्ह्ज टर्न्ड यलो’. टक्कल पडणं, दृष्टी जाणं, अन्न खराब होणं अशा, बहुधा परत न फिरणाऱ्या बदलांना ‘गो’ लागतं : ‘गो बाल्ड’, ‘गो ब्लाइंड’, ‘गो बॅड’.

पायरी ४ : पुढे ठिकाण किंवा दिशा असेल तर

‘हाऊ डू आय गेट टु द स्टेशन?’, स्टेशनला कसं जायचं? इथे ‘गेट’ म्हणजे पोहोचणे. ‘गो’ने निघण्यावर भर येतो, ‘गेट’ने पोहोचण्यावर. ठिकाणाच्या आधी ‘टु’ लागतं, पण ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्या आधी नाही. ‘गेट टु होम’ ही नेहमीची चूक, बरोबर रूप ‘गेट होम’. ‘रीच’चं उलट आहे, त्याला ‘टु’ कधीच लागत नाही : ‘रीच द स्टेशन’.

वाहनांचा नियम वेगळा शिकायला हवा. बस, ट्रेन, विमान, जहाज यांत चढताना ‘गेट ऑन’ आणि उतरताना ‘गेट ऑफ’. कार आणि टॅक्सीसाठी ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ‘ऑन’, ज्यात वाकून बसावं लागतं त्याला ‘इन’, असं ध्यानात ठेवा. सायकल आणि घोड्यावर आपण वर बसतो, त्यामुळे तिथेही ‘ऑन’. ‘खाली उतर’वरून आलेलं ‘गेट डाऊन फ्रॉम द बस’ भारतात सगळ्यांना कळतं. प्रमाण इंग्रजीत ‘गेट डाऊन’ शिडीवरून किंवा झाडावरून उतरताना म्हणतात.

पायरी ५ : ‘करवून घेणे’

या पायरीला जरा जास्त वेळ द्या. ‘गेट’ची खरी ताकद इथे आहे आणि आपल्या सगळ्यात मोठ्या चुकाही इथेच होतात.

मराठीत ‘मी काल केस कापले’ म्हटलं की ते दुसऱ्याने कापले हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. ‘मी डोळे तपासले’ म्हटलं तरी तपासणारा डॉक्टरच असतो. इंग्रजी ही सवलत देत नाही. ‘आय कट माय हेअर’ म्हणजे मी स्वतः कात्री घेऊन आरशासमोर केस कापले. दुसऱ्याकडून काम झालं असेल तर ‘आय गॉट माय हेअर कट’, ‘आय गॉट माय आईज चेक्ड’. शब्दांचा क्रम पक्का आहे : आधी ‘गॉट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. वस्तू शेवटी ढकलून ‘आय गॉट चेक्ड माय आईज’ केलं की वाक्य मोडतं.

हीच रचना आणखी दोन अर्थांनी येते आणि तिथे दुसरा माणूस असेलच असं नाही. ‘आय हॅव टु गेट धिस रिपोर्ट फिनिश्ड टुडे’ यात काम मलाच करायचंय, भर उरकण्यावर आहे : आज हा अहवाल हातावेगळा करायचाय. आणि ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर’ यात कोणीच काही करवून घेतलेलं नाही. त्याचं बोट दारात चेमटलं, एवढंच. तिन्ही वाक्यांचा साचा एक. कोणता अर्थ घ्यायचा हे संदर्भावरून ठरतं. कोणी आपणहून बोट चेमटवून घेणार नाही, म्हणून तो अपघात.

आता माणसाकडून काही करवून घेणं. ‘आय गॉट हिम टु साइन’ म्हणजे मी त्याला सही करायला लावली. ‘मेक’ आणि ‘हॅव’ हे याचे सोबती, पण त्यांच्यानंतर ‘टु’ येत नाही : ‘आय मेड हिम साइन’, ‘आय हॅड हिम साइन’. ‘मेड’मध्ये जबरदस्ती किंवा दबाव आहे. ‘हॅड’मध्ये सांगितलं आणि झालं, जसं कामाच्या ठिकाणी होतं. ‘गॉट’मध्ये बहुधा मनधरणी, समजूत, थोडा खटाटोप असतो. तो आधी तयार नव्हता, मग तयार झाला. पायरी १ मधला बदल इथेही हजर आहे.

निर्जीव वस्तूंनाही हे चालतं आणि तिथे मराठीतलं ‘एकदाचं’ फार छान बसतं. ‘आय गॉट द प्रिंटर टु वर्क’, प्रिंटर एकदाचा चालू केला. नुसतं ‘द प्रिंटर वर्क्ड’ म्हटलं तर त्यामागची खटपट दिसत नाही.

पायरी ६ : ‘गेट’नंतर थेट क्रियापद

दोन साचे आहेत. पहिला ‘गेट टु’ आणि क्रियापद. याला मराठीत तयार जोड आहे : ‘बघायला मिळणे, करायला मिळणे’. ‘आय गॉट टु सी द रिहर्सल’, मला तालीम बघायला मिळाली. ‘आय नेव्हर गॉट टु से गुडबाय’, निरोप घ्यायला मिळालाच नाही. ‘गेट टु नो’ मात्र वेगळं ठेवा. त्याचा अर्थ हळूहळू ओळख होणं. एखादी बातमी कळली असेल तर ‘आय गॉट टु नो दॅट’ ऐवजी ‘आय फाउंड आउट’ किंवा ‘आय हर्ड’ वापरावं.

दुसरा साचा ‘गेट’ आणि तिसरं रूप, म्हणजे कर्मणी. ‘माय फोन गॉट स्टोलन’, माझा फोन चोरीला गेला. ‘वॉज स्टोलन’ही बरोबरच. मग ‘गॉट’ कशाला? ‘द डोअर वॉज लॉक्ड’ हे वाक्य घ्या. याचे दोन अर्थ होतात : दार कुलूपबंद होतं, किंवा दाराला कोणीतरी कुलूप लावलं. ‘द डोअर गॉट लॉक्ड’मध्ये फक्त दुसरा अर्थ उरतो, कारण ‘गॉट’ घडलेली घटना सांगतं. ही रचना अचानक किंवा नको असताना घडणाऱ्या गोष्टींसाठी जास्त येते, जसं ‘गेट हर्ट’, ‘गेट कॉट’, ‘गेट फायर्ड’. चांगल्या बातमीलाही चालते : ‘शी गॉट सिलेक्टेड’. ‘गेट ड्रेस्ड’ आणि ‘गेट लॉस्ट’ हे तर ठरून गेलेले प्रयोग. ‘वी गॉट लॉस्ट’ म्हणजे आम्ही रस्ता चुकलो, पण समोरच्याला ‘गेट लॉस्ट’ म्हटलं तर ‘चालता हो’. ते कुठे बोलायचं याचा विचार करा.

पायरी ७ : ‘हॅव गॉट’, ‘गॉट’ आणि ‘गॉटन’

‘आय हॅव गॉट टू सिस्टर्स’ हे दिसायला पूर्ण काळ वाटतं, अर्थ मात्र साधा वर्तमान : मला दोन बहिणी आहेत. पायरी १ चा नियम इथे लागू नाही. ‘हॅव गॉट’ म्हणजे ‘हॅव’, बस. भूतकाळात यातला ‘गॉट’ गाळायचा : ‘आय हॅड अ कार’. ‘हॅव गॉट टु’ म्हणजे ‘केलंच पाहिजे’. बोलताना त्याचं ‘गॉटा’ होतं : ‘आय गॉटा गो’, मला निघायलाच हवं.

‘गॉटन’ हे तिसरं रूप अमेरिकेत आजही जिवंत आहे. ब्रिटिश इंग्रजीत ते जवळपास मागे पडलं आणि ‘गॉट’च उरलं. अमेरिकन माणूस ही दोन रूपं वापरून अर्थात फरक करतो. ‘आय हॅव गॉट टु गो’ म्हणजे मला जायलाच हवं, ‘आय हॅव गॉटन टु गो’ म्हणजे मला जायला मिळालंय. ‘गॉटन’ म्हणजे अमेरिकेने बिघडवलेलं रूप अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. रूप जुनं आहे, इंग्लंडमधूनच तिकडे गेलं. ‘फरगेट, फरगॉट, फरगॉटन’ या ओळीत ब्रिटिशांनीही ते टिकवून ठेवलंय.

मूळ क्रियापद तर इंग्लंडमध्येही बाहेरून आलेलं. इ.स. ८६५ मध्ये डेन लोकांची मोठी फौज इंग्लंडमध्ये उतरली, पुढे उत्तर आणि पूर्व भागांत हे लोक वस्ती करून राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेतल्या ‘मिळवणे’ अर्थाच्या ‘गेटा’वरून इंग्रजीला ‘गेट’ मिळाला. ‘टेक’ आणि ‘दे’ हे शब्दही त्यांच्याकडूनच आले. जुन्या इंग्रजीत याचा सख्खा भाऊ होता, पण तो मुख्यतः जोडशब्दांत राहायचा आणि ‘फरगेट’ हा त्याचाच वारस.

जोडक्रियापदं : थोडीच, पण पक्की

शेकडो पाठ करायच्या फंदात पडू नका. ही सहा आधी वापरात आणा. ‘गेट अलाँग विथ’, एखाद्याशी पटणे. ‘गेट बाय’, कसंबसं भागवणे. ‘गेट बॅक टु’, नंतर उत्तर देणे. ‘गेट थ्रू’, निभावून नेणे, किंवा फोन लागणे. ‘गेट अराउंड टु’ला सवड होण्याचा अर्थ आहे : ‘आय नेव्हर गॉट अराउंड टु इट’, ते करायचं राहूनच गेलं. आणि ‘गेट अवे विथ’ : ‘ही गॉट अवे विथ इट’, तो सगळं करून नामानिराळा राहिला.

एका जोडीकडे मुद्दाम लक्ष द्या. ‘गेट ओव्हर इट’ म्हणजे दुःखातून किंवा धक्क्यातून सावरणे, तर ‘गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे नकोसं काम एकदाचं उरकून टाकणे. ‘इट’ची जागा बदलली की अर्थ पार बदलतो.

कुठे टाळायचा

संशोधनाचा लेख, कायदेशीर मजकूर, औपचारिक अर्ज यांत ‘गेट’ सैल वाटतो. तिथे ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’ यांतला नेमका शब्द निवडा. पण बोलताना ‘आय ऑब्टेन्ड अ ग्लास ऑफ वॉटर’ म्हणणं तितकंच विचित्र आहे. आपल्याकडे पुस्तकी इंग्रजी जास्त शिकवलं जातं, त्यामुळे माझ्या मते बहुतेकांना ‘गेट’ टाळण्यापेक्षा वापरायचाच सराव जास्त हवा.

सराव

हा उतारा वाचा आणि प्रत्येक ‘गेट’नंतर काय आलंय ते बघा : ‘आय गॉट अप लेट, गॉट ड्रेस्ड अँड गॉट टु द स्टेशन जस्ट इन टाइम. द ट्रेन वॉज गेटिंग फुल, बट आय गॉट अ सीट. आय ट्राइड टु गेट माय फोन टु वर्क, बट इट हॅड गॉट वेट. सो आय नेव्हर गॉट टु टेल देम आय वॉज कमिंग.’

‘गॉट अप’मध्ये दिशा आहे, अंथरुणातून उठलो. जाग येणं म्हणजे ‘वेक अप’, ते आधी होतं. ‘ड्रेस्ड’ तिसरं रूप, कपडे केले. ‘टु द स्टेशन’ ठिकाण, पोहोचलो. ‘फुल’ विशेषण, गाडी भरत चालली होती. ‘अ सीट’ नाम, जागा मिळाली. ‘माय फोन टु वर्क’ म्हणजे वस्तू आणि ‘टु’, फोन चालू करायची खटपट केली. ‘वेट’ पुन्हा विशेषण, फोन भिजला होता. अमेरिकन माणूस इथे ‘हॅड गॉटन वेट’ म्हणेल. आणि ‘गॉट टु टेल’मध्ये ‘टु’ आणि क्रियापद : मी येतोय हे त्यांना सांगायला मिळालंच नाही.